डेटाफ्रेममधील स्तंभांचे नामांतर : एका मेथडच्या रचनेची चिकित्सा

सारांश

सारणीरूप माहितीच्या विश्लेषणासाठी वापरल्या जाणाऱ्या डेटाफ्रेम लायब्ररींमध्ये स्तंभाचे नाव बदलणारी मेथड ही सर्वांत साधी मेथड समजली जाते. प्रत्यक्षात तिच्या रचनेत अनेक निर्णय दडलेले असतात. जोडीची दिशा कोणती असावी, अस्तित्वात नसलेले नाव दिल्यास काय व्हावे, नवे नाव आधीच वापरात असल्यास काय करावे, सर्व बदल एकाच वेळी लागू व्हावेत की क्रमाने, मूळ सारणी बदलावी की नवी मिळावी, हे त्यांतील प्रमुख प्रश्न होत. प्रस्तुत लेखात आर, पांडाज, डीप्लायर, पोलर्स आदी प्रचलित साधनांच्या आधारे या प्रश्नांचे विवेचन केले असून देवनागरी स्तंभनावांमुळे उद्भवणाऱ्या अडचणींचा स्वतंत्र विचार केला आहे. चूक झाली असता गप्प न राहणे हा अशा मेथडचा मूळ नियम असावा व सवलत ही मागितल्यावरच मिळावी, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजशब्द : डेटाफ्रेम, स्तंभनाव, नामांतर, पांडाज, युनिकोड, देवनागरी.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनात आज सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या, परीक्षांचे निकाल, प्रयोगशाळेतील नोंदी, ग्रंथालयाची देवघेव अशी बहुतेक माहिती सारणीच्या रूपात साठवली जाते. वाणिज्य, समाजशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र अशा सर्वच विषयांचे अध्यापक या सारण्या संगणकावर हाताळतात. अशा सारणीच्या संगणकीय रूपाला ‘डेटाफ्रेम’ म्हणतात. तिच्यातील प्रत्येक स्तंभाला नाव असते व प्रत्येक स्तंभात एकाच प्रकारची मूल्ये असतात. डेटाफ्रेमवर करावयाच्या क्रियांचा तयार संच म्हणजे लायब्ररी, आणि डेटाफ्रेमला उद्देशून दिल्या जाणाऱ्या एकेका क्रियेला ‘मेथड’ ही संज्ञा आहे.

बाहेरून आलेली सारणी जशीच्या तशी उपयोगी पडते असे क्वचितच घडते. एका विभागाच्या फाइलीत ‘नाव’, दुसऱ्याच्या फाइलीत ‘विद्यार्थ्याचे नाव’, तर तिसऱ्याच्या फाइलीत जुन्या वळणाने अनुस्वार देऊन ‘नांव’ असे शीर्षक आढळते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी असे व्युत्पत्तिसिद्ध अनुस्वार वगळले असले तरी अनेक छापील नमुन्यांत ते अद्याप टिकून आहेत. वाचकाच्या दृष्टीने ही तिन्ही शीर्षके एकच होत. संगणकाच्या दृष्टीने ती तीन भिन्न नावे आहेत. म्हणून विश्लेषणाच्या आरंभीच नामांतराची गरज पडते.

हे काम किरकोळ वाटते, कारण त्यात एकाही आकड्याला हात लागत नाही. परंतु त्यातच त्याची जोखीम आहे. आकडा चुकला तर बेरीज जुळत नाही आणि चूक लक्षात येण्याची शक्यता राहते. नाव चुकले तर सर्व आकडे बरोबर राहून त्यांचा अर्थ तेवढा बदलतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण बाह्य परीक्षेचे म्हणून गणले गेले, तरी सरासरी निघते, आलेख काढला जातो आणि निष्कर्षही लिहिला जातो. म्हणूनच नामांतराची मेथड कशी रचावी हा केवळ आज्ञावलीकारांच्या सोयीचा प्रश्न नसून संशोधनाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे.

२. स्थानाकडून नावाकडे : पार्श्वभूमी

सारणीतील स्तंभ ओळखण्याचे दोन मार्ग आहेत. ‘डावीकडून तिसरा स्तंभ’ हा स्थानाचा मार्ग व ‘बाह्य या नावाचा स्तंभ’ हा नावाचा मार्ग होय. आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधाधारित प्रतिमानात या प्रश्नाचा विचार आढळतो. स्तंभांची संख्या मोठी असता त्यांचा क्रम लक्षात ठेवण्याचा भार वापरणाऱ्यावर टाकू नये, त्याने स्तंभाला नावाने संबोधावे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे संबंधांच्या बीजगणितात नामांतर ही एक स्वतंत्र क्रिया म्हणून मान्य झाली व तिच्यासाठी ग्रीक ‘ऱ्हो’ हे चिन्ह रूढ झाले. दोन सारण्या जोडताना दोहोंत एकच नाव असल्यास संदिग्धता उत्पन्न होते. ती दूर करण्यास या क्रियेवाचून गत्यंतर नसते.

संख्याशास्त्राच्या क्षेत्रात डेटाफ्रेमची कल्पना ‘एस’ या भाषेतून आली. जॉन चेंबर्स व ट्रेव्हर हेस्टी यांनी संपादित केलेल्या व १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी विकसित केलेल्या ‘आर’ भाषेने ती कल्पना पुढे नेली. वेस मॅकिनी यांनी २००८ साली ‘पांडाज’ या लायब्ररीचे काम सुरू केले व तिच्यामुळे डेटाफ्रेम पायथन भाषेत रुजली. ‘आर’साठी ‘डीप्लायर’ ही लायब्ररी २०१४ मध्ये आली, तर ‘पोलर्स’ या लायब्ररीचे काम रिची विंक यांनी २०२० मध्ये आरंभिले. या प्रत्येक साधनात नामांतराची सोय आहे. मात्र प्रत्येकाने वर उल्लेखिलेल्या प्रश्नांना वेगळी उत्तरे दिली आहेत. ती उत्तरे शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते.

३. नामांतर सांगण्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे सर्व नव्या नावांची यादी क्रमाने देणे. पांडाजमध्ये स्तंभनावांच्या जागी नवी यादी ठेवता येते. ‘आर’मध्येही तशी सोय आहे. यादीतील नावांची संख्या स्तंभांच्या संख्येशी जुळली नाही तर पांडाज त्रुटी दाखवते. परंतु संख्या जुळली आणि क्रम चुकला, तर ती चूक ओळखण्याचे कोणतेही साधन तिच्यापाशी नसते. नाव देण्यासाठी पुन्हा स्थानावर विसंबणारा हा मार्ग आहे. ज्या फाइलीला शीर्षकेच नाहीत तिच्यासाठी तो योग्य. इतरत्र तो टाळणे श्रेयस्कर.

दुसरा प्रकार जोड्यांचा. ज्या स्तंभांचे नाव बदलावयाचे तेवढ्यांचीच जुनी व नवी नावे द्यावयाची आणि उरलेले स्तंभ जसेच्या तसे ठेवावयाचे. सूत्ररूपात ते असे मांडता येईल :

सारणी.नामांतर({ "अंतर्गत" : "अंतर्गत_गुण", "बाह्य" : "बाह्य_गुण" })

या प्रकाराचा मोठा गुण असा की, तो स्वतःच एक नोंद ठरतो. वर्षभरानंतर आज्ञावली वाचणाऱ्याला कोणत्या नावाचे काय झाले ते त्याच ओळीत कळते. शिवाय मूळ फाइलीत स्तंभांचा क्रम बदलला तरी परिणाम बदलत नाही.

तिसरा प्रकार नियमाचा. प्रत्येक नावाला एकच नियम लावावयाचा. उदाहरणार्थ, नावाच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढून टाकणे किंवा मधल्या जागांऐवजी अधोरेषा घालणे. पांडाज व पोलर्स यांच्या मेथडला जोड्यांऐवजी असे फंक्शन देता येते. डीप्लायरने २०२० च्या १.० आवृत्तीत या कामासाठी वेगळ्या नावाचे फंक्शन दिले. शेकडो स्तंभांच्या सारणीत हा प्रकार अपरिहार्य असतो. वरील तीन प्रकार परस्परांना पर्याय नसून त्यांची कामे वेगवेगळी आहेत, एवढे लक्षात घेतल्यास एकाच मेथडवर सर्व भार टाकण्याचा मोह टळतो.

४. जोडीची दिशा

‘जुने आधी, नवे नंतर’ की ‘नवे आधी, जुने नंतर’? पांडाज व पोलर्स पहिला क्रम पाळतात, डीप्लायर दुसरा. दोहोंमागे तर्क आहे. पहिला क्रम क्रियेच्या ओघाला धरून आहे : जे हाती आहे तेथून जे हवे आहे तिकडे. दुसरा क्रम बीजगणितातील समीकरणाला धरून आहे : डाव्या बाजूस नवे नाव, उजव्या बाजूस ते ज्यातून आले ते मूळ. डीप्लायरमध्ये नवा स्तंभ निर्माण करतानाही नवे नाव डावीकडेच येते. त्यामुळे तेथे दुसरा क्रम सुसंगत ठरतो. एसक्यूएल भाषेत तर दोन्ही ठिकाणी जुने नाव आधी येते, मग ती माहिती निवडण्याची आज्ञा असो वा सारणीच्या रचनेत बदल करण्याची. तात्पर्य, दिशा कोणतीही चालेल; मात्र लायब्ररीतील इतर मेथडशी ती विसंगत असता कामा नये.

दिशेशी निगडित एक तांत्रिक बाजू आहे. डीप्लायरच्या क्रमात नवे नाव हे आज्ञावलीतील ओळखनाम म्हणून अवतरणचिन्हांवाचून लिहिले जाते. ते सुटसुटीत दिसते. परंतु ‘२०२४ चे गुण’ यासारखे, अंकाने सुरू होणारे व मोकळी जागा असणारे नाव ओळखनाम होऊ शकत नाही. ‘आर’मध्ये अशा नावाभोवती विशेष उलटे चिन्ह घालून मार्ग काढता येतो. पायथनमध्ये तशी सोय नाही. म्हणून पायथनमधील लायब्ररीने अवतरणातील नावांच्या जोड्या स्वीकारणे हेच योग्य होय.

५. रचनेतील निर्णायक प्रश्न

अ) नाव सापडलेच नाही तर?

संपूर्ण रचनेचा हा कळीचा प्रश्न आहे. ‘अंतर्गत’चे नाव बदलावयास सांगितले, पण सारणीत त्या नावाचा स्तंभच नाही. अशा वेळी डीप्लायर त्रुटी दाखवून थांबते. पोलर्सच्या आजच्या रचनेतही काटेकोरपणा हाच मूळ नियम असून तो शिथिल करण्याचा पर्याय दिला आहे. याउलट पांडाज सापडलेली नावे बदलते व न सापडलेल्यांकडे निमूटपणे दुर्लक्ष करते. त्रुटी दाखवण्याचा पर्याय तेथे २०१९ च्या ०.२५ आवृत्तीत आला, परंतु मूळ नियम दुर्लक्षाचाच राहिला. मोठ्या माहितीसाठी वापरल्या जाणाऱ्या स्पार्कमध्येही एका स्तंभाचे नाव बदलणारी मेथड, तो स्तंभ नसल्यास काहीही करीत नाही.

दुर्लक्षाच्या बाजूनेही एक सबळ युक्तिवाद आहे. दहा विभागांच्या दहा फाइली एकत्र करावयाच्या असल्यास ‘नांव’ व ‘विद्यार्थ्याचे नाव’ या दोहोंना ‘नाव’ करणारी एकच जोडसूची सर्व फाइलींवर चालवता येते. ज्या फाइलीत जे असेल ते बदलते. ही सोय खरी आहे. पण या सोयीची गरज असणाऱ्याला आपण काय मागत आहोत हे ठाऊक असते. तो एक पर्याय अधिक लिहू शकतो. ज्याच्या हातून टंकलेखनाची चूक झाली त्याला मात्र ती चूक ठाऊकच नसते, त्यामुळे काटेकोरपणा मागण्याचे त्याला सुचणे शक्य नाही. यावरून असे सूत्र काढता येते : सवलत मागता येण्याजोगी असावी, सावधगिरी मागावी लागू नये.

आ) नवे नाव आधीच वापरात असेल तर?

‘अंतर्गत’ला ‘गुण’ हे नाव दिले आणि सारणीत ‘गुण’ हा स्तंभ पूर्वीपासूनच असला, तर एकाच नावाचे दोन स्तंभ निर्माण होतात. पांडाज याला मुभा देते. त्यानंतर ‘गुण’ मागितल्यावर एका स्तंभाऐवजी दोन स्तंभांची लहान सारणी हाती येते व त्रुटी भलत्याच ओळीवर उद्भवते. पोलर्स व डीप्लायर अशा नामांतरास नकार देतात. स्तंभ नावाने ओळखावयाचा हे तत्त्व एकदा मान्य केले की नाव एकमेव असणे ओघानेच येते; म्हणून नकार हेच योग्य उत्तर होय.

इ) बदल एकाच वेळी की क्रमाने?

समजा, एका फाइलीत ‘अंतर्गत’ व ‘बाह्य’ ही शीर्षके परस्परांच्या जागी पडली आहेत आणि त्यांची अदलाबदल करावयाची आहे. जोड्या क्रमाने लागू केल्यास पहिल्याच पायरीवर दोन्ही स्तंभ ‘बाह्य’ होतात. दुसऱ्या पायरीवर मूळचा ‘बाह्य’ कोणता हे सांगता येत नाही. तात्पुरते तिसरे नाव मधे घ्यावे लागते. सर्व जोड्या मूळ नावांवर एकाच वेळी लागू केल्यास ही अडचण उरत नाही. पांडाजची मेथड या पद्धतीनेच चालते.

येथून तपासणीची जागाही ठरते. जोडसूचीतील प्रत्येक नवे नाव जुन्या सारणीत आहे का, हे पाहणे चुकीचे ठरेल. तसे केल्यास निर्दोष अदलाबदलही नाकारली जाईल. आधी सर्व स्तंभांची अंतिम यादी मनातल्या मनात तयार करावी, ती यादी पुनरुक्तीविरहित आहे का ते तपासावे, आणि मगच बदल करावा. तपासणीत दोष आढळल्यास काहीच बदलू नये. अर्धे नामांतर झालेली सारणी ही मुळीच न बदललेल्या सारणीपेक्षा अधिक घातक असते.

ई) मूळ सारणी बदलावी की नवी द्यावी?

नामांतरात मूल्यांना हात लागत नसल्याने लाखो ओळींच्या सारणीतही बदलावी लागते ती केवळ नावांची छोटी यादी. नवी सारणी परत देऊन आतील मूल्ये दोहोंत सामाईक ठेवणे शक्य असते. म्हणजे मूळ सारणी सुरक्षित ठेवण्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागत नाही. तरीही ‘आर’मधील ‘डेटा.टेबल’ ही लायब्ररी मूळ सारणीच बदलते. ज्युलिया भाषेतील डेटाफ्रेम लायब्ररीने दोन्ही गोष्टी दिल्या असून मूळ सारणी बदलणाऱ्या फंक्शनच्या नावाअखेरीस उद्गारचिन्ह ठेवण्याचा त्या भाषेचा संकेत पाळला आहे. वाचणाऱ्याला धोक्याची सूचना नावातूनच मिळावी, हा त्यामागील विचार अनुकरणीय आहे.

उ) स्तंभ की ओळी?

पांडाजमध्ये ओळींनाही नावे असतात व एकच मेथड दोहोंचे नामांतर करते. स्तंभ असे स्पष्ट न सांगता नुसत्या जोड्या दिल्या तर त्या ओळींच्या नावांना लागू होतात. ओळींत तशी नावे नसतात. न सापडलेल्या नावांकडे दुर्लक्ष करण्याचा नियम लागू होतो. परिणामी काहीच बदलत नाही आणि काही सांगितलेही जात नाही. येथे दोन निर्णय वेगवेगळे पाहता समजण्याजोगे आहेत, परंतु एकत्र येताच ते चूक पूर्णपणे झाकून टाकतात. मेथडचा प्रत्येक निर्णय सुटा तपासून भागत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. ज्या लायब्ररीत ओळींना नावेच नाहीत तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. जेथे आहेत तेथे स्तंभांसाठी स्वतंत्र मेथड असणे इष्ट.

६. देवनागरी स्तंभनावांचा विशेष प्रश्न

वरील विवेचन कोणत्याही भाषेतील नावांना लागू आहे. मराठी नावांच्या बाबतीत त्यात एका गंभीर अडचणीची भर पडते. पडद्यावर हुबेहूब सारखी दिसणारी दोन नावे संगणकाच्या स्मृतीत भिन्न असू शकतात. याची तीन उदाहरणे पाहू.

‘दुसऱ्या सत्राचे गुण’ या शीर्षकातील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये ०९३१ या एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच ‘र’ (०९३०) व नुक्ता (०९३C ऐवजी उच्चारी ‘शून्य-नऊ-तीन-सी’) या दोन संकेतांकांनीही लिहिता येते. युनिकोड या दोन लेखनांना समतुल्य मानते. प्रमाणीकरणाची क्रिया केल्यास दोन्ही एकरूप होतात. परंतु प्रमाणीकरण आपोआप होत नाही.

दुसरे उदाहरण त्याच शब्दाचे आहे. ‘ऱ्या’मधील अर्धा र हा ‘र’, हलन्तचिन्ह व त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह (संकेतांक २००डी) असाही लिहिला जातो. युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राखण्यासाठी ही पद्धत मान्य आहे. दिसण्यात फरक नाही. मात्र ही दोन लेखने समतुल्य मानलेली नाहीत, त्यामुळे प्रमाणीकरणानेही ती एकरूप होत नाहीत.

तिसरे उदाहरण ‘ॲ’चे. २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत या अक्षरास ०९७२ हा स्वतंत्र संकेतांक मिळाला. तत्पूर्वी ते ‘अ’ व अर्धचंद्र यांच्या जोडीने लिहिले जाई आणि अनेक ठिकाणी आजही तसेच लिहिले जाते. ‘ॲडमिशन दिनांक’ व ‘अॅडमिशन दिनांक’ ही शीर्षके वाचकाला एकच वाटतात. प्रमाणीकरणानंतरही संगणकाला ती दोन वाटतात.

आता प्रश्न ‘अ’कडे पुन्हा पाहिल्यास त्याचे गांभीर्य वाढते. अध्यापकाने शीर्षक पाहून अक्षरशः तसेच टंकलिखित केले आहे. त्याच्याकडून कोणताही प्रमाद घडलेला नाही. तरीही नाव सापडत नाही. गप्प राहणारी मेथड येथे त्याला कोणताही दुवा देत नाही. काटेकोर मेथड थांबते हे खरे. परंतु ‘असा स्तंभ नाही’ एवढेच सांगून ती थांबली, तर समोर तेच नाव दिसत असताना वाचणारा संभ्रमात पडतो. म्हणून त्रुटीचा संदेश हाही रचनेचाच भाग मानावा लागतो. सारणीतील जवळचे नाव कोणते आणि दोहोंत कोणत्या अक्षराचे संकेतांक भिन्न आहेत, हे संदेशात आले तर काही क्षणांत उलगडा होतो.

मेथडने स्वतःच अशी नावे एकरूप मानावीत काय? मोह होतो, परंतु तो आवरणे बरे. सारणीत दोन्ही लेखनांचे दोन स्तंभ असू शकतात. त्यांतील कोणता अभिप्रेत आहे हे मेथडने ठरवणे म्हणजे अंदाज करणे होय. एकरूपता हवी असल्यास ती नियमाच्या प्रकाराने, म्हणजे फंक्शन देऊन, वापरणाऱ्याने उघडपणे करावी. पायथनच्या मूळ संचात युनिकोड प्रमाणीकरणाचे फंक्शन उपलब्ध आहे. अर्धा र व ‘ॲ’ यांच्यासाठी आणखी दोन बदल स्वतः लिहावे लागतात.

७. प्रस्तावित आराखडा

उपरोक्त चर्चेवरून नामांतराच्या मेथडचा आराखडा पुढीलप्रमाणे मांडता येईल.

(१) मेथड केवळ स्तंभांसाठी असावी व तिने ‘जुने : नवे’ अशा जोड्या किंवा एक फंक्शन स्वीकारावे.

(२) जोडसूचीतील प्रत्येक जुने नाव सारणीत असलेच पाहिजे, हा मूळ नियम असावा. त्यातून सूट देणारा पर्याय वेगळा व स्पष्ट नावाचा असावा.

(३) सर्व जोड्या मूळ नावांवर एकाच वेळी लागू व्हाव्यात. अंतिम यादीत पुनरुक्ती आढळल्यास सूट मागितलेली असली तरी नकार द्यावा. कारण ‘नांव’ व ‘नाव’ ही दोन्ही शीर्षके एकाच फाइलीत निघाल्यास त्यांतील कोणते ठेवावे, हे माणसानेच ठरवावयास हवे.

(४) मूळ सारणी न बदलता नवी सारणी परत द्यावी. स्तंभांचा क्रम व मूल्ये अबाधित राहावीत.

(५) त्रुटीच्या संदेशात न सापडलेली सर्व नावे एकदम द्यावीत, जवळची नावे सुचवावीत आणि दिसण्यात सारख्या नावांतील संकेतांकांचा भेद दाखवावा.

या आराखड्याला मर्यादाही आहे. ‘अंतर्गत’च्या जागी चुकून ‘बाह्य’ असे अस्तित्वात असलेलेच दुसरे जुने नाव लिहिले गेले, तर कोणतीही मेथड ती चूक ओळखू शकणार नाही. नामांतरानंतर मूल्यांची कक्षा तपासणे, उदाहरणार्थ कमाल ४० गुणांच्या स्तंभात ४० पेक्षा मोठा आकडा नाही ना हे पाहणे, ही जबाबदारी संशोधकाचीच राहते.

८. निष्कर्ष

नामांतर ही आज्ञावलीतील एका ओळीची क्रिया असली तरी त्या ओळीवर पुढील संपूर्ण विश्लेषणाचा अर्थ अवलंबून असतो. प्रचलित लायब्ररींच्या तुलनेतून असे दिसते की, जोडीची दिशा किंवा लेखनाचा सुटसुटीतपणा यांबाबतचे मतभेद तुलनेने गौण आहेत. खरा भेद चुकीच्या प्रसंगी मेथड काय करते यात आहे. मराठीसारख्या भाषेत, जेथे बिनचूक टंकलेखन करूनही नाव जुळेलच असे नाही, तेथे हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. जे अध्यापक पांडाजचा उपयोग करतात त्यांनी नामांतर करताना त्रुटी दाखवण्याचा पर्याय आवर्जून द्यावा व विद्यार्थ्यांनाही तीच सवय लावावी. लायब्ररीची रचना बदलणे प्रत्येकाच्या हाती नसते. तिच्या मौनावर विसंबून न राहणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे.